फितुरास येथे शासन झाले

तिसरीत असताना मी एका पोराचे पुढचे दोन दात दगडानं पाडले आणि माझी शाळा त्याच दिवशी सुटली, ती कायमची. दातांचं मला अजून वाईट वाटत नाही. शाळेचं थोडं वाटतं.

आमच्या गावाच्या फाट्यावर चिंचेखाली तेव्हा नवा दगड बसवला होता. स्वराज्य येऊन फार दिवस झाले नव्हते, जिथं तिथं असले दगड उभे राहत होते. काळा, तासून सपाट केलेला, माझ्या तेव्हाच्या कपाळाला लागेल एवढा उंच. आज तिथं सातारा संपतो आणि पुढं सांगली लागते. मास्तरांनी आम्हाला रांगेनं तिथं नेलं आणि मला पुढं काढलं, कारण वर्गात माझा आवाज मोठा. मी अक्षरं जोडत जोडत वाचलं. वर आमच्या गावच्या एका माणसाचं नाव, आणि तो इथून हाकेच्या अंतरावर इंग्रजाच्या गोळीनं मेला, एवढं होतं. त्याच्या खाली एक ओळ: फितुरास येथे शासन झाले.

ती ओळ मला ऐटबाज वाटली. कुणी न सांगता मी ती छाती काढून पुन्हा एकदा वाचली. मग विचारलं, "मास्तर, शासन म्हंजे काय?"

"शिक्षा. मार."

"आन् फितूर कोण हुता?"

मास्तर दगडाकडंच बघत राहिले. मागून एक पोरगं म्हणालं, "तुझा बा!"

पोरं हसली. रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग होता. मुठीत मावेल असा खडा घेतला आणि तो बोलला त्याच तोंडावर हाणला. खाली पडल्यावर आणखी दोनदा हाणला. त्याच्या रक्तानं माझी बाही कोपरापर्यंत भिजली. मास्तरांनी मला छडी मोडेपर्यंत मारलं, मोडल्यावर चिंचेचा फोक तोडून घेतला आणि पुन्हा मारलं. तरी मी "चुकलो" म्हणालो नाही. पुस्तकातलं सोडा, शाळेत मी शेवटचं वाचलं ते त्या दगडावरचं वाक्य.

माझ्या आबाचे, म्हणजे वडिलांचे, पाय कसे होते ते आधी सांगायला हवं. दोन्ही तळवे आत दबलेले होते आणि हाडं वाकडी जुळलेली. तो पावलांच्या बाहेरच्या कडेवर चालायचा, बोटं वर आणि टाचा तिरक्या, तापलेल्या राखेत कोंबडी गेल्यासारखा. जगातला कुठलाही चांभार त्याच्या पायाची वहाण करू शकला नाही. आई आम्हाला सांगायची, भरलेली बैलगाडी पायांवरनं गेली. मी ते खरं धरलं होतं. त्या दिवशी पाठीचं रक्त घेऊन घरी आलो आणि विचारलं, "आबा, तुमी फितूर?" आईनं माझ्या कानाखाली एवढ्या जोरात दिली की दोन दिवस त्या कानात किडा गुणगुणत होता. आबा घायपाताचा दोर वळत बसला होता. तो वळतच राहिला.

दोन-चार वर्षांत बाहेरच्यांकडून मला सगळं कळलं. इंग्रज असताना आमच्या रानात काही गडी लपून राहायचे. पोलिसांच्या मागावरचे. त्यांतल्या एकाचा ठाव आबानं पोलिसांना दिला. तो मारला गेला. मग त्याच्या साथीदारांनी आबाला चिंचेखाली पत्री ठोकली. बैलाच्या खुराला लोखंडी पत्री ठोकतात ती सगळ्यांना ठाऊक आहे. माणसाला खरोखरची पत्री कुणी ठोकत नव्हतं. पाय वर बांधून तळव्यांवर काठीनं मारत. पण शब्द तोच होता.

तेव्हापासून फितूर हा शब्द माझ्यापुढं कुणी काढला की मी मारत असे. जत्रेत एकाचा खांदा निखळवला. पिठाच्या गिरणीवर एकाचं डोकं मापट्यावर आपटलं, तर पिठाची लाल लापशी झाली. एका लग्नात पंगतीला बसलो असताना समोरचा माझ्याकडं बघून शेजाऱ्याला म्हणाला, "हळू बोल गड्या, हितनं बातम्या जात्यात." मी पितळी तांब्या त्याच्या कपाळावर फोडला. फुटलं कपाळ, तांब्याला नुसता पोचा आला. मला लोक भ्यायचे आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला लिहू.

पलटणीत जायला निघालो होतो. आमच्याकडच्या बऱ्याच घरांतला एक तरी गडी पलटणीत असतो. पण डावा पाय बोटभर आखूड आणि खुब्यात किंचित वाकडा, म्हणून मला भरतीवरनं परत पाठवलं. आई म्हणाली, जन्मापासनं आहे. मग मी रस्त्याच्या खात्यात मैलकुली लागलो. मैलकुली म्हणजे एका मैलाचा गडी. तेवढ्या रस्त्याचे खड्डे बुजवायचे, चर साफ ठेवायचे, झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे, मैलाच्या दगडांवर आकडे आणि गावांची नावं रंगवायची. राहिलेली सगळी अक्षरं मी त्या दगडांवर शिकलो. म्हणून माझं अक्षर आजही मैलाच्या दगडासारखं आहे, मोठं आणि लांबनं दिसणारं.

मला मिळालेला मैल साताऱ्याचा शेवटचा. त्यात फाटा, फाट्यावर चिंच, चिंचेखाली तो दगड.

मुकादम म्हणाला, "सव्वीस जानेवारी आली. त्या दगडाच्या अक्षरांत पांढरा रंग भरायचा. तुला नको आसंल तर दुसऱ्याला सांगतो."

"का नको?" मी म्हणालो. "माझा मैल हाय."

दुसऱ्या दिवशी मी ब्रश नेलाच नाही, घण नेला. सकाळभर खड्डे बुजवले, दुपारी रस्ता मोकळा बघून पहिला घाव खालच्या ओळीच्या सुरुवातीला घातला. कोपऱ्याची कपची उडाली आणि केसाएवढी चीर वर गेली. दुसऱ्या घावाला घण उचलला तोच मनगटावर काठी बसली. मागं आबा होता. घरापासून फाटा मला दोन बिड्यांचं अंतर. तो न्याहारी करून निघाला असेल, ते ऊन डोक्यावर आल्यावर पोचला होता. कुणी तरी त्याला सांगितलं असणार, पोरगं घण घेऊन गेलं म्हणून. त्यानं मला मनगटावर मारलं, खांद्यावर मारलं, कानावर मारलं. मी विशीतला, एका हातानं त्याला मोडून ठेवला असता. पण त्याच्या काठीखाली उभा राहिलो. मारता मारता त्याचे पाय गेले आणि तो दगडाच्या कडेला पाठ लावून बसला. माझ्या कानातनं रक्त मानेवर येत होतं.

"बस," तो म्हणाला. मी बसलो.

"म्या त्या गड्यांस्नी भाकरी पोचवत हुतो. बाकी कोण न्हवतो म्या. फौजदारानं धरलं. दोन दिस मारलं, न्हाई सांगितलं. नखं काढली, न्हाई सांगितलं." त्यानं डावा हात पुढं केला. त्या तीन बोटांना नखं का नाहीत हे मी कधी विचारलंच नव्हतं. "तिसऱ्या दिशी मला घिऊन आपल्या घरी आला. पाळण्यातनं तुला उचाललं. ह्या डाव्या पायाला धरलं आन् हिरीवर उलटा टांगला. आन् झोका द्यायला लागला. तुझी आई भुईवर डोकं आपटत हुती. तू रडत बी न्हवतास. नुसता खाली पाण्याकडं बघत हुतास."

"मग?"

"मग सांगितलं."

तोच पुढं बोलला. गोळी लागली तेव्हा तो गडी जेवत होता. घास तोंडातच राहिला. ती भाकरी आमच्या घरची होती. आठवड्यानं बाजारच्या दिवशी भर दुपारी साथीदारांनी आबाला धरलं, बैलाच्या जुवाला पाय बांधले आणि बाभळीच्या काठ्यांनी मारलं. "हाडाचा आवाज शेंगा फोडल्यावानी येतो," तो म्हणाला. "आधी मला वाटलं, बाजारात कोण तरी शेंगा खातंय."

"आबा, पोराला हिरीवर धरलं हुतं, ह्ये त्यांस्नी सांगितलं न्हाई?"

"न्हाई."

"का?"

"त्येंनी इचारलं न्हाई. आन् त्यो मेला हुता रं. त्याच्या बायकूच्या पोटात पोर हुतं. म्या माझ्या पोराचं काय तोंडानं सांगू?" मग त्यानं हात मागं नेऊन दगडाची उडालेली कपची चाचपली. "ह्यो दगड फोडलास तर माझं पाय उगंच मोडलं म्हणायचं. मार खाल्ला त्येचा येवढाच पुरावा हाय माझ्याकडं. जा, रंग आण."

मी गेलो आणि रंग आणला. आबा तिथंच बसून राहिला. मी रंगाचा पहिला हात संपवला तरी उठला नाही.

नोकरी होती तोवर दर वर्षी ती अक्षरं मीच भरली. खालच्या ओळीला दोन हात द्यायचो. नोकरी संपल्यावर रंग घरचा आणून भरायला लागलो. आबा गेला. मारामाऱ्या मात्र थांबल्या नाहीत. उलट खरं कळल्यावर हात जास्तच चालला, कारण आता समोरचा खोटं बोलतोय असंही म्हणता येत नव्हतं. विहिरीचं मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

आता परवाचं सांगतो.

रस्ता रुंद करायला घेतला. चिंच पाडली. चार माणसांच्या कवेत न मावणारी चिंच, जेसीबीनं मुळांसकट ओढून आडवी केली. त्याच जेसीबीचा दात दगडाला लागला आणि दगड चरात जाऊन पडला. मी काठी घेऊन जेसीबीच्या काचेवर धावलो. काच फोडली. चालवणारा परमुलखातला पोरगा, तो उतरून पळाला. तेव्हा मला तिघांनी धरलं. दगडाजवळ गेलो तर तो तुटला होता तो नेमका माझ्या घणाच्या चिरीवर. खालच्या ओळीतला पहिला शब्द उडाला होता. त्याचे तुकडे खडीत मिसळून रोलरखाली गेले. उरलं होतं ते: येथे शासन झाले.

महिन्या-दीड महिन्यानं माझा एक जुना दोस्त दारात आला. ज्याचे दात मी पाडले तोच. तेव्हापासून आमचं रोज भांडण आहे आणि रोज चहा आहे.

"म्हाताऱ्या, ऊठ. तुझा बा सरकार झाला रं!"

"तोंड सांभाळ. आता कवळी बी फोडीन."

"आरं, खरंच. फाट्यावर पाटी लागलीया. जा, वाच जा. तुला वाचायची लय हौस."

गेलो. दोन लोखंडी खांबांवर तपकिरी पाटी, पलंगाएवढी. वर त्या मेलेल्या माणसाचं नाव. खाली लिहिलं होतं: याच ठिकाणी चिंचेखाली इंग्रजांविरुद्ध रयतेचे शासन स्थापन झाले. मी तीनदा वाचलं तेव्हा कुठं उलगडा झाला. आता शासन म्हटलं की लोकांना सरकार आठवतं. जीपवर शासन, दवाखान्यावर शासन, रेशनच्या दुकानावर शासन. कुणी तरी तुटक्या दगडाचा फोटो काढला आणि उरलेल्या तीन शब्दांचं सरकार करून टाकलं. माझ्या बापाच्या वेळी शासन म्हणजे मार.

खरं सांगायचं तर मी घरी परत आलो आणि दोन दिवस गप्प राहिलो. आयुष्यभर ज्या शब्दापायी लोकांची तोंडं फोडली तो शब्द गेला होता. मी घालवला नव्हता, जेसीबीनं घालवला होता. आणि पोरं तर पुढं गेली होती. गावातली नवी पोरं समजत होती की आबाचे पाय इंग्रजांनी मोडले. चार जण घरी आले. "नाना, रविवारी पाटीचा कार्यक्रम हाय. तुमच्या वडलांनी पाय दिलं ह्या रस्त्यावर. शाल तुमालाच."

मी हो म्हणालो. जायचं ठरवूनच हो म्हणालो. रविवारी पांढरा फेटाही बांधला.

मांडव होता, लाऊडस्पीकर होता. त्या मेलेल्या माणसाचा नातू आला होता, पन्नाशीच्या आतबाहेरचा, सांगलीत विश्रामबागेला राहणारा, कॉलेजात शिकवणारा. त्याच्या आजीनं गाव कधीच सोडलं होतं, त्यामुळं त्याला गावातलं कुणी ठाऊक नव्हतं. पाटी त्यानंच खटपट करून लावून घेतली होती. त्यानं माझ्या खांद्यावर शाल घातली, वाकून माझ्या पायाला हात लावला आणि माईकवर म्हणाला, "माझे आजोबा आणि यांचे वडील, एकाच लढ्यातले दोन सोबती."

तो हात माझ्या पायाला लागला तेव्हा मला आबाचे पाय दिसले. पुढं बसलेला दोस्त माझ्याकडं बघत होता, तोंड मिटून. एवढा वेळ तोंड मिटलेला मी त्याला कधी पाहिला नाही. मी शाल काढली, घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि माईक घेतला.

"ही पाटी चुकली," मी म्हणालो. "शासन म्हंजे सरकार न्हवं. शासन म्हंजे मार. हितं सरकार झालं न्हाई. हितं माझ्या बापाला मारला. इंग्रजांनी न्हवं, आपल्याच गड्यांनी मारला. ह्या साहेबाच्या आज्याचा ठाव माझ्या बानं पोलिसाला सांगितला म्हणून मारला. दगडावर तसं लिवलं हुतं. फितुरास येथे शासन झाले. त्ये म्या साठ वर्सं रंगवलंय."

मागून कुणी ओरडलं, "म्हाताऱ्याला खाली बसवा!" कुणी माईकची वायर ओढली. नातू माझ्यासमोर आला.

"काय म्हणालात? परत बोला."

"तुझा आजा माझ्या बापामुळं मेला."

त्यानं माझा सदरा छातीशी धरला आणि मारलं. उलट्या हातानं, तोंडावर. कॉलेजातला माणूस, पण हात शेतकऱ्याचा निघाला. दुसरी बसली तेव्हा फेटा सुटला. तिसरीला मी मांडवाबाहेर खडीवर पडलो, खुब्यावर, डाव्याच. ओठ फाटला होता, रक्त गिळलं जात होतं. काठी हाताशी पडलेली. मी ती धरली. सगळं गाव बघत होतं की आता हा उठतो आणि त्याची नडगी फोडतो. ऐंशी ओलांडली तरी तेवढं जमतं मला. काठी वर घेतली आणि पुन्हा खडीवर ठेवली.

घरचे आणि मास्तर सोडले तर आयुष्यात पहिल्यांदा मी मार खाऊन परत मारलं नाही.

विहिरीचं बोललो नाही. त्यानं विचारलं नव्हतं.

खुबा आठ दिवस सुजून होता. उठता यायला लागल्यावर पहार, फावडं आणि रंगाचा डबा घेऊन फाट्यावर गेलो. दोस्त बरोबर आला. उपयोग काही नाही, नुसता बोलायला. चरातला दगड पहारीनं उलटवायला आम्हा दोघा म्हाताऱ्यांना सकाळ गेली. पाटीच्या शेजारीच खड्डा घेतला. दगड उभा करायला गेलो तर तो पुन्हा पुन्हा कलायचा.

"सोड रं," दोस्त म्हणाला. "माझं दात परत येतील, पर ह्यो दगड उभा राहायचा न्हाई."

तेवढ्यात एक गाडी येऊन थांबली. नातू उतरला. एकटाच होता. दोस्तानं माझी काठी उचलून आपल्या हातात घेतली. नातू खड्ड्याच्या पलीकडं उभा राहिला, माझ्या फाटलेल्या ओठाकडं बघितलं, मग दगडाकडं.

"मला झोप नाही," तो म्हणाला. "एवढंच सांगा. का सांगितलं त्यांनी पोलिसांना?"

आबाला हे कुणी विचारलं नव्हतं. जुवाला पाय बांधताना नाही, दगड बसवताना नाही. मला विचारलं म्हणून मी सांगितलं. दोन दिवसांचा मार, नखं, मग विहीर. दोस्तही पहिल्यांदाच ऐकत होता. त्यानं काठी खाली टेकली.

नातू खड्ड्याच्या काठाशी उकिडवा बसला. मग म्हणाला, "माझे वडील तेव्हा पोटात होते."

"ठावं हाय. आबा त्येच म्हणला हुता."

"कुठला पाय धरला होता तुमचा?"

मी पहारीनं डावा पाय दाखवला. तो खड्ड्यात उतरला आणि त्यानं दगडाला दोन्ही हातांनी आणि छातीनं धरून सरळ केला. "भरा," म्हणाला. मी बुडाशी मोठे दगड घातले, वर खडी, वर माती आणि पहारीच्या बोथट टोकानं ठासून बसवली. त्याचा शर्ट काळाभोर झाला. माती बसायला पाणी हवं होतं, तर त्यानं गाडीतली बाटली आणून ओतली.

रंग मी वरून भरायला घेतला. आधी त्याच्या आजाचं नाव. मग गोळीची ओळ. खाली पहिला शब्द नव्हताच, तिथं दगड फुटून खडबडीत झाला होता. तिथं मी ब्रशनं लिहिला, मैलाच्या दगडावर लिहायचो तसा, मोठ्या अक्षरात: फितुरास. ऱ्हस्व-दीर्घ दोस्तानं तपासलं. त्याची सातवी झालेली.

"पाटी उतरवायला सांगतो," नातू म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. दोन्ही वाचू दे लोकांस्नी. मग इचारतील."

एक ट्रक गेला आणि रस्त्याची धूळ ओल्या रंगावर बसली. त्या ओळीला उद्या दुसरा हात द्यावा लागणार होता.